प्लाका पायी बघताना: सकाळी वरची वाट, संध्याकाळी खालची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांबरोबर अथेन्समध्ये एक पूर्ण दिवस मिळतोय, मुक्काम सिंतागमा चौकाजवळ. सकाळी अ‍ॅक्रोपोलिस (प्राचीन देवळांचा उंच खडक) आणि मग त्याच्या पायथ्याची जुनी वस्ती, म्हणजे प्लाका, पायी बघायची आहे. बाबांचा गुडघा दुखतो. आईला मांस, मासे, अंडं काहीच चालत नाही. काय काय बघायचं याच्या याद्या भरपूर सापडल्या, पण सुरुवात कुठून करायची आणि शेवट कुठे करायचा ते कळत नाही. गाइड घ्यावा का, हेही विचारलं आहे.

प्लाकाचं अंतर किती, याची काळजी करू नका. अ‍ॅक्रोपोलिस सोडून सगळं मिळून तीन-साडेतीन किलोमीटर चालणं आहे आणि अर्ध्या किलोमीटरच्या आत बसायला जागा मिळतेच. माणसं थकतात ती उतारामुळे आणि चुकीच्या क्रमामुळे. बहुतेक पर्यटक खालच्या बाजाराच्या रस्त्याने आत शिरतात, दोन तास दुकानांमध्ये घालवतात आणि मग भर दुपारी पायऱ्या चढून वर जायला बघतात. गुडघेदुखीवाल्या माणसाचा दिवस तिथेच संपतो. शिवाय बाजारातून बघायला सुरुवात केली की प्लाका म्हणजे फ्रिजवर लावायच्या चुंबकांची दुकानं, एवढंच मनात राहतं. अडीच हजार वर्षं सलग माणसं राहत आलेल्या वस्तीवर हा अन्याय आहे.

म्हणून आधी वस्तीची ठेवण समजून घ्या. प्लाका अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर आणि पूर्व अंगाला, उतारावर वसलेली आहे. नकाशात गल्ल्यांचं जाळं दिसतं, पण चालणाऱ्याच्या दृष्टीने तीन पातळ्या आहेत. सगळ्यात वर, कड्याला चिकटून थेओरियास आणि स्त्रातोनोस हे रस्ते आणि त्यांच्यामध्ये अनाफिओतिका ही पांढऱ्या घरांची छोटी वस्ती. मधल्या पातळीवर प्रितानिऊ, त्रिपोदॉन, लिसिऊ हे रस्ते: जुनी घरं, लहान चर्च, तुलनेने शांतता. सगळ्यात खाली अद्रिआनू आणि किदाथिनेऑन, म्हणजे दुकानं, खानावळी, गर्दी. एका पातळीवरून आडवं चालणं सोपं असतं. पातळी बदलायची म्हटलं की पायऱ्या येतात. त्यामुळे नियम एकच: पातळी कमीत कमी वेळा बदलायची, आणि बदलायचीच असेल तर पायऱ्यांऐवजी उताराच्या रस्त्याने. सकाळी वरच्या पातळीवरून पश्चिमेकडून पूर्वेला जायचं, संध्याकाळी मधल्या आणि खालच्या पातळीवरून पूर्वेकडून पश्चिमेला यायचं. मधली दुपार हॉटेलवर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. बाबांना पायऱ्या चढताना त्रास होतो की उतरताना, हे नीट विचारून घ्या. बहुतेकांना उतरताना जास्त होतो, मी तेच गृहीत धरून लिहितोय. दुसरं, तुमचा दिवस 18 मे असेल तर जागतिक संग्रहालय दिनामुळे सरकारी पुरातत्त्व स्थळांना प्रवेश मोफत असतो. पैसे वाचतात, पण गर्दी वाढते. आई-बाबा बरोबर असताना शक्य असल्यास दुसरा दिवस घ्या. तिसरं, ऊन. मे महिन्यात बहुधा सुसह्य असतं, पण उष्णतेची लाट आली तर दुपारी अ‍ॅक्रोपोलिस बंद ठेवतात. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही उन्हाळ्यांत तसं झालं आहे. सकाळी पहिल्या वेळेचं तिकीट काढायला हे एवढं कारण पुरेसं आहे.

तिकिटाबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या, कारण जुने लेख वाचून लोक हमखास फसतात. 30 युरोत सात स्थळं दाखवणारं एकत्रित तिकीट एप्रिल 2025 पासून बंद झालं. आता एकट्या अ‍ॅक्रोपोलिसचे 30 युरो होतात. तिकीट ठरावीक वेळेचं असतं. ती वेळ सोडून गेलात तर आत घेतीलच असं नाही, साधारण पंधरा मिनिटं इकडे-तिकडे चालतात. सकाळी आठची वेळ घ्या. पायरेउस बंदरातल्या क्रूझ जहाजांचे गट नऊनंतर चढायला लागतात आणि बारापर्यंत वर उभं राहायला जागा नसते. ज्येष्ठांची सवलत युरोपीय महासंघाच्या नागरिकांसाठी आहे, त्यामुळे आई-बाबांचं पूर्ण तिकीट धरा.

आता वाट. सिंतागमाहून लाल मेट्रोने एकच थांबा, स्टेशनचं नाव अक्रोपोली. बाहेर पडलात की समोर अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय. त्याच्या दारापुढच्या अंगणात दोन मिनिटं थांबून खाली बघा. जमिनीला मोठी उघडी जागा आणि काच आहे, तिच्याखाली घरांच्या भिंती, विहिरी, गल्ल्या दिसतात. संग्रहालय बांधताना सापडलेली ही जुनी वस्ती. आज ज्या वस्तीत फिरणार आहात तिच्या खाली सगळीकडे हेच आहे, हे मनात ठेवून पुढे चला.

अ‍ॅक्रोपोलिसला दोन दारं आहेत. सगळे पश्चिमेच्या मुख्य दाराकडे धावतात. तुम्ही दक्षिण-पूर्वेच्या दाराने आत जा, ते मेट्रोपासून पाच मिनिटांवर आहे. या बाजूने चढण लांब असली तरी संथ आहे आणि वाटेत दिओनिसस या मद्याच्या देवाचं नाट्यगृह लागतं. तिथे दगडी बाकांपाशी बाबांना बसवा आणि पाय मोकळे होऊ द्या. या नाट्यगृहाचा आणि संध्याकाळच्या एका रस्त्याचा थेट संबंध आहे, तो पुढे येतो. वर अडीच तास धरा. उतरताना मात्र आल्या वाटेने परत येऊ नका, पश्चिमेच्या दारातून बाहेर पडा.

बाहेर पडल्यावर उजवीकडे आरेओपागोस हा खडक दिसेल. त्यावर चढायला जुन्या कोरीव पायऱ्या आहेत, त्या लाखो पावलांनी काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. बाजूला लोखंडी जिना आहे, चढायचं असेल तर तोच वापरा. बाबांनी खालीच थांबावं, वरून दिसणारा देखावा थेओरियास रस्त्यावरूनही बराचसा दिसतो. हा रस्ता इथूनच सुरू होतो. कडा उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे चालत राहा. उतार इतका हलका आहे की जाणवतही नाही. डाव्या हाताला खाली प्राचीन अगोरा, म्हणजे जुन्या अथेन्सचा बाजारचौक, त्यापलीकडे हेफेस्टसचं देऊळ आणि सगळं शहर पसरलेलं असतं. पानोस रस्त्याच्या कोपऱ्यावर कानेलोपुलोस संग्रहालय लागेल. ते लागलं की निम्मी वरची वाट झाली.

पुढे आगिओस सिमेओन हे लहानसं चर्च आणि तिथून अनाफिओतिका. इथे बरेच लोक परत फिरतात, कारण वाट संपल्यासारखी वाटते. समोर कुणाच्या तरी घराचं अंगण आहे असं दिसतं: चुन्याची भिंत, डब्यातली तुळस, वाळत घातलेले कपडे. ती वाटच आहे. एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद, आणि मध्ये तीन-चार पायऱ्यांचे तुकडे. बिनधास्त पुढे जा, फक्त आवाज खाली ठेवा. इथे माणसं राहतात. दारावर आणि कोपऱ्यांवर ‘अनाफिओतिका’ हे नाव आणि पुढे आकडा दिसेल. गल्ल्यांना वेगळी नावंच नाहीत, म्हणून घराचा पत्ता तेवढाच.

ही घरं कुणाची, ते आई-बाबांना सांगा, त्यांना बघण्यात जास्त रस येईल. अथेन्स 1834 मध्ये नव्या ग्रीक राज्याची राजधानी झालं आणि ऑटो राजाचा राजवाडा बांधायला कारागीर लागले. आजची संसद त्याच इमारतीत भरते, तुमच्या सिंतागमा चौकातच आहे. अनाफी हे सायक्लाडीज बेटांपैकी एक लहान बेट. तिथून गवंडी आणि सुतार आले आणि त्यांनी कड्याच्या कुशीत आपल्या बेटावर असतात तशीच घरं बांधली. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जे घर उभं राहील ते बांधणाऱ्याचं, अशी समजूत होती आणि म्हणून रातोरात भिंती चढवल्या, असं सांगतात. पुढे 1950 च्या सुमारास उत्खननासाठी यातली काही घरं पाडली. उरली ती पंचेचाळीसच्या आसपास. राजासाठी संगमरवराचा वाडा बांधणाऱ्यांनी स्वतःसाठी काय बांधलं, हे दोन्ही एका दिवसात बघायला मिळतं. माझ्या मते प्लाकातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

बाबांचा गुडघा त्या दिवशी फारच दुखत असेल तर अनाफिओतिका त्यांनी सोडावी. थेओरियासवरून खाली प्रितानिऊ रस्त्याला लागून आगिओस निकोलाओस रंगावास या अकराव्या शतकातल्या चर्चपाशी बसावं. चर्चच्या भिंतीत प्राचीन खांबांचे तुकडे विटांच्या बरोबरीने बसवलेले आहेत, तेवढंच शोधत बसलं तरी वेळ छान जातो. बाकीच्यांनी अनाफिओतिका बघून तिथे उतरावं. फोन सुरू ठेवा, या गल्ल्यांत चुकामूक सहज होते.

अनाफिओतिका पार करून आलात की आगिओस योर्गिओस तू व्राखू, म्हणजे खडकावरचा सेंट जॉर्ज, हे चर्च आणि स्त्रातोनोस रस्ता. इथे एक मोह होतो. डावीकडे एपिमेनिदू नावाची पायऱ्यांची गल्ली दिसते, फुलांनी भरलेली, फोटोला सुंदर. ती तुम्हाला पाच मिनिटांत खाली पोचवते, पण सगळ्या पायऱ्या आहेत आणि उतरतीच्या. ज्याचा गुडघा दुखतो त्याने सरळ स्त्रातोनोस आणि पुढे थ्रासिलू रस्त्याने उतारावरून जावं. दहा मिनिटं जास्त लागतील, पण एकही अवघड पायरी नाही. खाली आलात की सकाळी जिथून आत गेलात ते दार समोर असेल. तिथून विरोनोस रस्त्याने आत वळलं की लिसिक्रातिसचं स्मारक.

इथे घाई करू नका. चौकोनी बैठकीवर गोल बांधणी, माथ्यावर पानांची नक्षी असलेले सहा कोरिंथियन खांब, वर एकाच संगमरवरी दगडाचं छप्पर. इमारतीच्या बाहेरच्या बाजूला कोरिंथियन खांब वापरल्याचं हे सगळ्यात जुनं माहीत असलेलं उदाहरण. सकाळी बघितलेल्या दिओनिससच्या नाट्यगृहात गायनवृंदांच्या स्पर्धा होत. जिंकणाऱ्या वृंदाचा खर्च ज्याने उचललेला असेल त्याला काशाची तिवई बक्षीस मिळे, आणि ती तो रस्त्याच्या कडेला स्मारक बांधून वर ठेवी. हे त्यातलं एक, इसवी सनापूर्वी 335-334 चं. त्यावरचा लेख अगदी साधा आहे. किकिन्ना गावच्या लिसिक्रातिसने खर्च केला, अकामांतिस गटाच्या मुलांचा वृंद जिंकला, थेऑनने ऑलोस हे बासरीसारखं वाद्य वाजवलं, लिसिआदिसने शिकवलं, इवेनेतोस त्या वर्षीचा मुख्य अधिकारी होता. वाजवणाऱ्याचं आणि शिकवणाऱ्याचं नाव तेवीसशे वर्षं टिकून आहे. खांबांच्या वरच्या पट्टीवर नीट बघा, मोबाइलचा झूम वापरा. दिओनिससला पळवणाऱ्या चाच्यांना तो डॉल्फिन करून टाकतो, ती गोष्ट कोरली आहे. काही चाचे डोक्याकडून डॉल्फिन आणि पायांकडून अजून माणूस असे समुद्रात उडी घेताना दिसतात. हे स्मारक पुढे कॅपुचिन मठाच्या इमारतीत सामावलं गेलं, म्हणून टिकलं. कवी बायरन त्या मठात राहिला होता. विरोनोस म्हणजे बायरनचाच रस्ता.

याच चौकातून लिसिक्रातूस गल्लीतून पूर्वेकडे बघितलं तर टोकाला हेड्रियनची कमान दिसते. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण इसवी सन 131-132 ची. तिच्या प्लाकाकडच्या अंगावर ‘हे अथेन्स, थिसिअसचं प्राचीन नगर’ असं आणि पलीकडच्या अंगावर ‘हे हेड्रियनचं नगर, थिसिअसचं नव्हे’ असं कोरलं आहे. थिसिअस हा अथेन्सचा दंतकथेतला राजा. जवळ जायची गरज नाही, मध्ये मोठा वाहता रस्ता आहे.

इथपर्यंत साडेबारा वाजतील. वेळाचा हिशेब असा: आठ ते साडेदहा अ‍ॅक्रोपोलिस, साडेदहा ते पावणेबारा वरची वाट, बारा ते साडेबारा स्मारक, मग जेवण, अडीचला हॉटेल. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा बाहेर. त्या आठवड्यात सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे तीन तास उजेड हाताशी आहे. दुपारी तीन ते साडेपाच ही ग्रीसमध्ये उन्हाळ्यात शांततेची वेळ असते. तुम्हीही आराम केलात तर काही चुकत नाही.

आता आईच्या जेवणाबद्दल, कारण यात खऱ्या चुका होतात. ग्रीक जेवणात शाकाहारी पदार्थ भरपूर आहेत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासांमुळे बिनमांसाच्या स्वयंपाकाची मोठी परंपरा आहे आणि अशा पदार्थांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात. हा शब्द सांगितला की मांस, दूध, अंडं, मासा वगळला जातो. पण आठपायी ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी हे त्यांच्या उपवासाला चालतं! म्हणून नुसतं निस्तिसिमो म्हणून थांबू नका. ‘खोरिस क्रेआस, खोरिस थालासिना, खोरिस अवगो’ असं कागदावर लिहून घ्या: मांस नको, समुद्रातलं नको, अंडं नको. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाकडून तेच ग्रीक लिपीत लिहून घेतलंत तर काम सोपं होईल.

मागवायला सगळ्यात बिनधोक गोष्टी: फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल, आईला घरच्यासारखं वाटेल. गिगांतेस, मोठे पांढरे पावटे टोमॅटोच्या रश्शात. ब्रिआम, भाजलेल्या भाज्या. बामिएस, म्हणजे भेंडी. होर्ता, उकडलेला पाला लिंबू पिळून. खोरिआतिकी, म्हणजे आपण ज्याला ग्रीक सॅलड म्हणतो ते. जपून मागवायच्या गोष्टी: दोलमादाकिया या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या गार दिल्या तर बहुधा भाताच्या असतात, पण गरम आणि पिवळसर सॉसबरोबर आल्या तर आत खिमा आणि सॉसमध्ये अंडं. भरलेल्या टोमॅटोत कधी कधी खिमा असतो. भोपळ्याच्या वड्यांत अंडं असू शकतं. पालकाच्या स्पानाकोपितातही कधी अंडं घालतात. फेटा चीजमध्ये दूध गोठवायला परंपरेने प्राण्यांच्या पोटातलं रेनेट वापरतात, आईचा नियम तितका कडक असेल तर चीज बाजूला काढायला सांगा.

खानावळ निवडताना दोन गोष्टी बघा. दारात उभा राहून हाका मारणारा माणूस आणि पदार्थांच्या फोटोंचा फलक, या दोन्ही गोष्टी जिथे आहेत तिथून पुढच्या गल्लीत जा. ‘लादेरा’ किंवा ‘मागिरेफ्ता’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे सकाळी शिजवून ठेवलेल्या तेलातल्या भाज्या आणि रस्से, तिथे आईचं पोट भरेल. स्थानिक लोक दोन-अडीचला जेवायला बसतात, तुम्ही एकला गेलात तर जागा आरामात मिळेल आणि वेटरला प्रश्न विचारायला वेळ असेल. टेबलावर न मागता पाव येतो, त्याचे माणशी थोडे पैसे लागतात. नको असेल तर आल्या आल्या परत द्या. नळाचं पाणी अथेन्समध्ये पिण्याजोगं आहे, ते मागितलं की देतात. रस्त्यावरच्या ‘पेरीप्तेरो’ टपरीवर अर्ध्या लिटरची बाटली मिळते. तीळ लावलेली ‘कुलूरी’ ही गोल पावाची कडी सकाळी पिशवीत टाका.

संध्याकाळी सिंतागमाहून पायीच निघा, रस्ता सपाट आहे. किदाथिनेऑन रस्त्याने आत शिरा. हाच प्लाकाचा गजबजलेला भाग: कॅफे, झाडाखालची टेबलं, गाणारे-वाजवणारे. 41 क्रमांकाला ब्रेत्तोस हे 1909 पासूनचं मद्याचं दुकान आहे, भिंतभर रंगीत बाटल्यांमागे दिवे. प्यायचं नसलं तरी दारातून बघण्यासारखं. 1970 च्या दशकात हा सगळा भाग कर्कश संगीताचे क्लब आणि मोटारींनी भरलेला होता. नंतर क्लब हटवले, वाहनं बंद केली, घरं दुरुस्त केली, म्हणून आज इथे आई-बाबांबरोबर फिरता येतं.

अद्रिआनू रस्ता आडवा येईल. त्यावर लगेच वळू नका. तो ओलांडून थोडं वर त्रिपोदॉन रस्ता गाठा आणि उजवीकडे वळा. त्रिपोदॉन म्हणजे तिवयांचा रस्ता. त्या जिंकलेल्या तिवया ज्या वाटेवर ओळीने उभ्या होत्या तीच ही वाट, नावासकट शिल्लक. इथून लिसिऊ रस्त्याने पुढे गेलं की म्निसिक्लेऊसच्या पायऱ्या लागतात, ज्यांवर उशा टाकून लोक कॉफी घेत बसलेले असतात. बाबांनी तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या पुढे जाऊ नये, खालच्या टेबलावर बसूनही तेच दिसतं. अंधार पडल्यावर या पायऱ्या उतरू नका. पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या आहेत आणि संगमरवरावर कुणाचं पाणी सांडलं की पाय घसरतोच.

पुढे किरिस्तू रस्ता, त्यावर तुर्की काळातला हमामखाना, आता संग्रहालय. आणि लगेच वाऱ्यांचा मनोरा. कुंपणाबाहेरूनही तो पुरेसा दिसतो, आतलं वेगळं तिकीट काढायची तुम्हाला गरज नाही. आठ बाजू, प्रत्येक बाजूला एका वाऱ्याची उडती मूर्ती. उत्तरेचा बोरेआस जाड कपडे घालून शंख फुंकतो, दक्षिणेचा नोतोस घागर उपडी करतो कारण तो पाऊस आणतो, पश्चिमेचा झेफिरोस अंगावरच्या वस्त्रातून फुलं उधळतो. मूर्तींच्या खाली भिंतीवर रेघा दिसतील, त्या सूर्यघड्याळाच्या. आत पाण्याचं घड्याळ होतं, म्हणजे ढग असले तरी वेळ कळे. किरस गावच्या आंद्रोनिकोसने तो बांधला. तुर्की काळात इथे सूफी दरवेशी जमत. कुंपणाला धरून अर्धी फेरी मारा म्हणजे चार-पाच वारे तरी ओळखता येतील.

इथून अद्रिआनूवर उतरा. खरेदी करायची असेल तर आता करा, सकाळी केली असती तर पिशव्या घेऊन चढायला लागलं असतं. एकच वस्तू वीस दुकानांत असते, पहिल्या दुकानात घेऊ नका. रस्त्याच्या टोकाला हेड्रियनचं ग्रंथालय आडवं येतं. आरेओस रस्त्यावरून त्याचा दर्शनी भाग बघा: कॅरिस्टोसच्या हिरवट पट्ट्यांच्या संगमरवराचे खांब. त्याला अगदी चिकटून 1759 ची मशीद, पलीकडे मोनास्तिराकी चौक. इथे पाकिटं सांभाळा. मेट्रोच्या दारात मुद्दाम ढकलाढकली होते, आणि चौकात कुणी हसत हसत मनगटावर दोरा बांधायला आलं तर हात मागे घ्या, नंतर पैसे मागतात.

चौकातून निळ्या मेट्रोने एक थांबा सिंतागमा. पण पाय चालत असतील तर मित्रोपोलेओस रस्त्याने चालत जा, पंधरा मिनिटं. वाटेत मोठ्या कॅथीड्रलच्या कुशीत एक छोटं चर्च आहे, जवळजवळ सगळं जुन्या देवळांच्या आणि चर्चच्या दगडांनी रचलेलं. पुढच्या दाराच्या वर वर्षाच्या सणांची एक प्राचीन कोरीव पट्टी आहे, मध्ये मध्ये राशींची चिन्हं. नंतरच्या काळात त्यावर क्रूस कोरले. आईला राशी ओळखायला सांगा.

बूट रबरी तळाचे आणि आधी घालून सैल झालेले हवेत. नवे बूट किंवा गुळगुळीत तळाच्या चपला अजिबात नकोत. बाबांसाठी घडीची काठी आणि तिच्या टोकाला नवं रबर. स्वच्छतागृहात कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, तिथल्या पाइपांचा व्यास लहान असतो.

गाइडचं म्हणाल तर अ‍ॅक्रोपोलिसवर घ्या, प्लाकात नको. वर दगडांचे ढीग नुसते बघून कळत नाहीत आणि दोन तासांत खूप सांगायचं असतं. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर परवानाधारक गाइडच माहिती देऊ शकतात, त्यांच्याकडे ओळखपत्र असतं, ते बघा. प्लाकात मात्र गाइडच्या पावलांना पाऊल जुळवताना बाबांची दमछाक होईल. आदल्या दिवशी हॉटेलात दोन गोष्टी विचारून ठेवा: मेट्रोचा संप आहे का आणि अ‍ॅक्रोपोलिसच्या वेळा बदलल्या आहेत का. दोन्ही गोष्टी तिथे अधूनमधून होतात. संप असेल तर सिंतागमाहून अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण-पूर्व दारापर्यंत टॅक्सी करा, अंतर अगदी कमी आहे. अ‍ॅक्रोपोलिस दुपारी बंद ठेवणार असतील तरी तुमची आठची वेळ बिनघोर आहे, बाकीची वाट जशीच्या तशी चालते.